बंबखान्याचा मनोरा

अग्निशमन केंद्राची इमारत रस्त्यापासून सुरू होते. दर्शनी कमानी, मनोरा, घंटा हे सगळं नंतरचं. वर्दी आल्यावर बंब किती लवकर बाहेर पडेल आणि बाहेर पडल्यावर कुठे अडकेल, याचा विचार जागा निवडतानाच करावा लागतो. त्या नजरेनं पाहिलं तर सोलापूरचा सात रस्ता फार बोलका चौक आहे. रंगभवनाकडे जा, विजापूर रस्त्याला लागा किंवा स्टेशनच्या बाजूला वळा, एक वाट तुंबली तर दुसरी हाताशी असते. मुंबईतही एक सात रस्ता आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तो जेकब सर्कल, पाटीवर संत गाडगे महाराज चौक. मुंबई अग्निशमन दलाचं भायखळ्याचं मुख्यालय तिथून फार लांब नाही.

मुंबईनं आगीचा धडा महागात घेतला. 1803 मध्ये फोर्टातला मोठा भाग जळाला. 1855 पासून आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. 1887 मध्ये ते महापालिकेकडे आलं. मोटारीवरचा पहिला बंब 1907 चा. त्याआधीची दोन-तीन दशकं घोड्यांची आणि वाफेच्या पंपांची होती, आणि बंबखान्याची ओळखीची घडण जगभर त्याच काळात पक्की झाली.

त्या घडणीत घोडा हाच मुख्य रहिवासी. तबेला गाडीच्या अगदी जवळ, काही ठिकाणी तर एकाच छताखाली. अमेरिकेत घोड्याचा साज छतापासून गाडीवर टांगून ठेवत. घोडा जागेवर आला की साज खाली सोडायचा, बकलं अडकवायची आणि निघायचं. वाफेच्या पंपाच्या बॉयलरमधलं पाणी कोमट ठेवलं जाई, म्हणजे वाटेतच वाफ धरे. माणसं वरच्या मजल्यावर झोपत. घोड्यांनी वर चढू नये म्हणून कितीतरी केंद्रांत जिना अरुंद आणि गोल असे. पण घाईत त्याच जिन्यावर माणसांची कोंडी होई. 1878 मध्ये शिकागोच्या डेव्हिड केनियन या कप्तानानं वरच्या मजल्याला भोक पाडून लाकडी खांब बसवला. पुढे बोस्टनमध्ये पितळी खांब आला. आज चित्रपटांत गंमत म्हणून दिसणारा तो खांब सेकंद वाचवण्यासाठी जन्मला.

मनोऱ्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बैठ्या घरांच्या शहरात वर उभा राहिलेला पहारेकरी धूर आधी टिपे. टेलिफोन आला आणि पहारेकरी खाली उतरला. तरीही मनोरा उरला, कारण कापडी होज ओला गुंडाळून ठेवला की कुजतो. तो उंचावरून लांबलचक टांगून निथळू द्यावा लागे. म्हणून पावसाळी आणि थंड मुलखांत होज वाळवण्याचा मनोरा अपरिहार्य ठरला. सोलापूरच्या चाळिशीपार जाणाऱ्या उन्हात मोकळं अंगण तेच काम करू शकतं. आम्हा वास्तुजतन करणाऱ्यांनी मनोऱ्याइतकंच अंगणालाही जपायला हवं, ते यासाठी. शिडी उभी करण्याचा, पाण्याचा झोत धरण्याचा सराव त्याच अंगणात होतो. आणि वाहनं उभी करायला जागा कमी पडली की पहिला घाला त्याच्यावरच येतो.

घोडे गेले, तबेल्यात मोटारी आल्या. मग मोटारीही वाढल्या. आधुनिक बंबाची उंची आणि वजन जुन्या कमानीला, जुन्या फरशीला पेलेना. इथून वाटा फुटल्या. लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअरचं 1889 चं केंद्र 2005 मध्ये बंद झालं आणि पुढे उंची हॉटेल झालं. अँटवर्पमध्ये झाहा हदीद यांच्या संस्थेनं जुन्या केंद्राच्या डोक्यावर काचेची नवी इमारत ठेवली. 2016 पासून तिथे बंदराचं कार्यालय आहे. सिंगापूरच्या हिल स्ट्रीटवरचं लाल-पांढऱ्या विटांचं केंद्र मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून आजही वर्दीवर धावतं, शिवाय त्यात संग्रहालय आहे. मला हा तिसरा मार्ग सर्वांत मोलाचा वाटतो. हॉटेलात भिंती वाचतात, पण दरवाजा धाडकन उघडण्यामागचं कारण हरवतं.

वारसा आणि काम एकत्र नांदू शकतात, हे सोलापूरला नवं नाही. अप्पासाहेब वारद यांनी हौसेनं उभारलेलं इंद्रभुवन महापालिकेचं मुख्यालय झालं, आणि शहराचा कारभार तिथून चालला. अग्निशमन हीसुद्धा महापालिकेचीच जबाबदारी, आणि सोलापुरात ती हलकी नाही. सूत, कापूस, चादरी, टॉवेल ही इथली संपत्ती, आणि तीच झपाट्यानं पेटणारी. मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जीव गेले. कारखान्यातच राहण्याची सोय असली की आगीपासून बिछान्यापर्यंतचं अंतर संपतं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, तेव्हाही बंब सज्ज ठेवावाच लागतो.

भायखळ्याच्या मुख्यालयात दर 14 एप्रिलला 1944 च्या गोदी स्फोटात गेलेल्या 66 जवानांना मानवंदना दिली जाते. तिथलं अंगण त्या दिवशी पूर्ण कामाला येतं. जुन्या केंद्राचा पुनर्विकास निघाला की नकाशात हे अंगण, कर्मचाऱ्यांची निवासस्थानं आणि रस्त्याकडे उघडणारे दरवाजे आधी आखावेत, दर्शनी भाग नंतर. निवासस्थानं दूर गेली, तर रात्रीची वर्दी आल्यावर ज्यादा माणसं वाहतुकीत अडकतात.