बंदराची दुसरी बाजू

मे महिन्याची सुट्टी म्हणजे धर्मगुरूच्या दृष्टीने लग्नांचा हंगाम. त्यातून आठ दिवस बाजूला काढून आप्तांसमवेत सहलीस जाणे आमच्यासारख्यास सहसा साधत नाही. तथापि 2024 सालच्या मे महिन्यात आमच्या धाकट्या बंधूने हट्ट धरला, वरिष्ठांनी अनुमती दिली, सहायक धर्मगुरूंनी लग्ने अंगावर घेतली आणि बंधू, भावजय, पंधरा वर्षांची पुतणी, नऊ वर्षांचा पुतण्या व आम्ही असे पाचजण हाँगकाँगला जाऊन आलो.

स्थळ बंधूनेच निवडले होते. गेली अठरा वर्षे तो मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी आहे. "त्या बंदराला माझे जहाज वीसेक वेळा तरी लागले असेल," तो म्हणाला, "पण शहर असे पाहिलेच नाही." यात अतिशयोक्ती नव्हती. कंटेनरवाहू जहाज धक्क्याला लागले की काही तासांतच माल उतरतो, नवा चढतो आणि जहाज पुन्हा समुद्राला लागते. खलाशांना पूर्वी बंदरात मिळे तशी उसंत आता मिळत नाही; स्वयंपाक्याला तर नाहीच, कारण धक्क्यावर असो वा भर समुद्रात, माणसांना भूक लागतेच.

हे शहर 1997 सालच्या जून महिन्यापर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होते, त्यानंतर ते चीनकडे गेले. एका अंगाला काउलून, दुसऱ्या अंगाला हाँगकाँग बेट आणि मध्ये व्हिक्टोरिया बंदराचे पाणी. हे पाणी ओलांडायला आज भुयारी रेल्वे आहे. तरी आम्ही हिरव्या-पांढऱ्या फेरीबोटीनेच गेलो. भाऊच्या धक्क्यावरची लाँच ज्यांना परिचित आहे त्यांना ही बोट परकी वाटणार नाही. बाकाची पाठ पुढे-मागे ढकलता येते, म्हणजे बोट कोणत्याही दिशेने जावो, उतारूंचे तोंड पुढेच. पुतण्याने ती इतक्या वेळा ढकलली की शेजारचे वृद्ध चिनी गृहस्थ हसू लागले. ही फेरी 1888 साली दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थाने सुरू केली. तो मुंबईकडून तिकडे गेलेला आणि आरंभी स्वयंपाकी होता, असे सांगतात. "पप्पांसारखाच!" पुतण्या उद्गारला. बंधू काही बोलला नाही, पण ती माहिती त्याला आवडली हे आम्हाला दिसले. 1898 पासून या सेवेला 'स्टार फेरी' हे नाव आहे व प्रत्येक बोटीच्या नावात तारा आहे. एकीचे नाव 'मॉर्निंग स्टार'. लितानी म्हणणाऱ्यांना हे नाव नवे नाही. भावजयीने ते वाचताच नकळत हात जोडले.

डिस्नेलँड, लान्ताव बेटावरचा 34 मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध व त्याच्या 268 पायऱ्या, रात्रीचे दिवे, खरेदी हे सारे यथासांग झाले. खरेदीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तिथे मिळते ते आता मुंबईतही मिळते.

रविवार मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. गार्डन रोडवरील संत जोसेफ चर्चमध्ये आम्ही मिस्सेला गेलो. चर्च भरून लोक बाहेर उभे होते आणि त्यांत बहुसंख्य फिलिपिनो स्त्रिया. हाँगकाँगमध्ये परदेशांतून आलेल्या घरकामकऱ्यांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे व त्यांतील निम्म्याहून अधिक फिलिपिन्सच्या. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावे लागते आणि सात दिवसांतून एक दिवस सुट्टी मिळते. बहुतेकींची ती रविवारी असते. त्या दिवशी स्वतःची अशी खोली नसलेल्या या स्त्रिया शहराच्या मध्यभागी येतात. चॅटर रोड त्यांच्यासाठीच जणू वाहनांना बंद होतो. बँकेच्या उत्तुंग इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, पादचारी पुलांवर, पुठ्ठे अंथरून त्या बसतात. कुणी केस कापीत असते, कुणी पत्ते खेळते, कुणी भाताचे डबे उघडते. पाहणाऱ्याच्या मनात प्रथम दया येते. पण थोडा वेळ थांबले तर ती ओसरते, कारण इतके मोकळे हसू त्या शहरात आम्ही अन्यत्र ऐकले नाही.

मिस्सेनंतर आमचा कॉलर पाहून एक स्त्री जवळ आली. हातात मोबाइल होता आणि त्याच्या पडद्यावर एक मुलगा. "फादर, माझा मुलगा. आज दहा वर्षांचा झाला. आशीर्वाद द्याल?" दूरध्वनीवरून दिलेला आशीर्वाद कितपत पोहोचतो याची चर्चा ईशज्ञानाच्या पंडितांनी खुशाल करावी. आम्ही हात उंचावला. पलीकडे त्या मुलाच्या मागे एक आजी उभी होती, तिने त्याचे डोके हाताने खाली वाकवले. ती स्त्री दुसऱ्यांची दोन मुले सांभाळत होती आणि तिचे मूल आजी सांभाळत होती.

वळून पाहिले तर भावजयीचे डोळे भरून आले होते. वसईतल्या आमच्या घरी असाच मोबाइल तिने कितीदा केकसमोर धरलेला आम्ही पाहिला आहे. आमच्या धर्मग्रामांत आखाताच्या व जहाजांच्या पैशांतून उभी राहिलेली घरे पुष्कळ आहेत. सणाच्या देणगीदारांच्या यादीत त्या माणसांची नावे अगत्याने वाचली जातात. भाविकांच्या प्रार्थनेत मात्र ती क्वचितच येतात.

चर्चपासून जवळच डोंगरावर जाणाऱ्या ट्रामचे स्थानक. 1888 सालापासून ही ट्राम चालू आहे. वर पोहोचल्यावर गर्दी टाळून लुगार्ड रोड या सपाट पायवाटेने आम्ही वळसा घेतला. वडाच्या पारंब्या, ओल्या मातीचा वास. क्षणभर कोकणच वाटावे. पश्चिमेकडे एका मोकळ्या जागी बंधू थांबला. खाली दूरवर तारांचा पूल आणि त्यापलीकडे क्रेनच्या रांगा.

"ते क्वाय चुंग," तो मुलीला म्हणाला. "तुझ्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी मी तिथे होतो."

ती बराच वेळ पाहत राहिली. त्या दिवसाचा तिचा फोटो घरी भिंतीवर आहे. त्यात आजी आहे, आम्ही आहोत, वडील नाहीत. या विषयावर ती घरात कधी बोलत नाही आणि वडिलांशी एरवीही बेताचेच बोलते.

"तिथून हा डोंगर दिसतो?" तिने विचारले.

"दिसतो. रात्री दिवे लागतात तेव्हा तर छानच. पण त्या वेळेला मी बावीस माणसांच्या चपात्या लाटत असतो."

"त्या दिवशी काय केले होते जेवायला?"

बंधूने आठवण्याचा प्रयत्न केला. "चिकन," तो म्हणाला, "आणि रव्याचा केक. सगळ्यांना सांगितले, आज माझ्या मुलीचा दिवस आहे. कॅप्टन युक्रेनचा होता, त्याने दोन तुकडे खाल्ले."

"हे मला कधी सांगितले नाहीस."

"तू फोनवर आली नव्हतीस," बंधू म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती.

पाऊस भुरभुरू लागला. पुतण्याला भूक लागली होती, भावजय छत्री शोधत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बंधूला नऊ महिन्यांसाठी पुन्हा जहाजावर रुजू व्हायचे होते. पुतणीने मोबाइल काढला, वडिलांना दंडाला धरून कठड्याशी उभे केले आणि क्रेन नीट दिसाव्यात म्हणून त्यांना दोन पावले डावीकडे सरकवले.