वेनची मांजरे

लुई वेन (१८६०–१९३९) हा इंग्रज चित्रकार मांजरांच्या चित्रांसाठी विख्यात झाला. परंतु त्या चित्रांचा उगम एका रुग्णशय्येपाशी झाला होता. विवाहानंतर थोड्याच काळात त्याची पत्नी एमिली कर्करोगाने अंथरुणाला खिळली. त्या दांपत्याने एका बेवारस काळ्या-पांढऱ्या पिलाला आश्रय दिला व त्याचे नाव पीटर ठेवले. एमिलीला विरंगुळा मिळावा, म्हणून वेन पीटरची रेखाटने करू लागला. १८८७ मध्ये ती निवर्तली.

पुढे वेनची मांजरे चहापान करू लागली, गोल्फ खेळू लागली. त्यांच्या मिषाने इंग्रज समाज स्वतःलाच हसला. मात्र हक्क न राखता चित्रे विकल्यामुळे वेन निर्धनच राहिला. १९२४ मध्ये त्याची रवानगी मनोरुग्णालयाच्या निर्धनांच्या कक्षात झाली. पुढल्या वर्षी एच. जी. वेल्स प्रभृतींच्या आवाहनामुळे त्याला अधिक चांगल्या रुग्णालयात हलविण्यात आले. तेथेही त्याची मांजरे त्याला सोडून गेली नाहीत.

कालांतराने त्याची काही चित्रे साध्या मांजरापासून झगझगीत नक्षीपर्यंत क्रमाने लावून, मनोविकाराच्या चढत्या पायऱ्या म्हणून मानसशास्त्राच्या पुस्तकांत छापली गेली. वस्तुतः त्या चित्रांवर तारखाच नाहीत. शिवाय उत्तरायुष्यातही तो साधी, हसरी मांजरे काढीतच होता. त्याचे वडील कापडाचे व्यापारी, तर आई गालिचांचे नमुने काढणारी. ती नक्षी या वारशातूनही आली असेल. चित्राआधी निदान वाचणाऱ्याला चित्र दिसत नाही. पीटरचे पहिले रेखाटन पाहणाऱ्या एमिलीला मात्र ते दिसले होते.