अर्ध्या चित्राचा प्रश्न

संख्यात्मक माहिती एकसारख्या चित्रांच्या ओळींतून दाखवणे म्हणजे चित्रालेख, आणि त्यातील एक चित्र किती वस्तूंच्या जागी आहे हे सांगणारी नोंद म्हणजे त्याचे प्रमाण. एवढे ठरले की प्राथमिक वर्गातील काम सुरळीत चालते, ते अडते अपुऱ्या चित्रापाशी. एक चित्र म्हणजे 10 गायी असे प्रमाण घेतले, तर 40 गायींसाठी चार चित्रे पुरतात, 35 साठी साडेतीन लागतात, पण 37 आले की फळ्यापुढे खडू थबकतो. शिवाय गाय मधोमध तोडली की तोंडाकडची बाजू पाहून मूल ती एक पूर्ण गाय समजते, सायकल तोडली की ते चाके मोजू लागते, आणि अर्धी गाय म्हणजे पाच धडधाकट गायी ही गोष्ट त्याच्या गळी उतरत नाही. त्यामानाने भाकरी बरी, कारण अर्धी आणि चतकोर ही मापे मूल घरूनच शिकून आलेले असते.

पाठ्यपुस्तके ही अडचण बहुधा टाळतात. 24, 36 आणि 42 यांचा मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, 6 असल्याने त्या प्रमाणाने 4, 6 आणि 7 पूर्ण चित्रे मिळतात. परंतु मुलांनी स्वतः मोजून 23, 37 आणि 41 आणले, तर या मूळ संख्यांना 1 खेरीज सामाईक विभाजकच नसतो. चित्राचे दहा भाग पाडून सात रंगवावेत, तर तो चित्रालेख न राहता जवळजवळ स्तंभालेख होतो. म्हणून जवळच्या अर्ध्यापर्यंत चित्र काढून खरी संख्या शेजारी लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे.

ओटो नॉयराट यांनी 1925 मध्ये व्हिएन्नात स्थापलेल्या संग्रहालयात मोठी संख्या मोठ्या चित्राने नव्हे, तर अधिक चित्रांनी दाखवण्याचा नियम पाळला गेला, आणि पुढे गेर्ड आर्न्ट्झ यांनी त्यासाठी लिनोलियमवर कोरलेली ठसठशीत चिन्हे तयार केली. हीच पद्धत नंतर आयसोटाइप म्हणून ओळखली गेली. तरीही उत्पादन दुप्पट झाले म्हणून पोते दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढण्याची खोड छापील तक्त्यांतून गेलेली नाही. त्या पोत्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि डोळा चौपटच वाचतो.

फळ्यावरचा दोष याहून सूक्ष्म असतो, आणि त्याच्या मुळाशी हाताचा अभिमान असतो: पहिल्या गायीची शिंगे, वशिंड, शेपटीचा गोंडा हौसेने रंगवले जातात, शेवटची गाय उरलेल्या जागेत कोंबली जाते, आणि पाच गायींची ओळ सहांच्या ओळीएवढीच लांब दिसते. वयाने हात थरथरू लागला की शिक्षक नाइलाजाने साध्या बाह्यरेषेवर येतो, आणि ती सजावट मुलांसाठी कधीच नव्हती हे त्याला तेव्हा कळते. तरुण शिक्षकांनी त्या वयाची वाट पाहू नये; फळ्यावर आधी प्रमाण लिहावे, समान चौकटी आखाव्यात आणि मगच चित्राला हात घालावा.