ध चा घ

आमच्या स्वाध्याय मंडळातल्या बायका मला 'वहीवाली वैनी' म्हणतात. म्हणतात चेष्टेनं, पण चातुर्मास जवळ आला की एकेकीचा फोन येतोच, "वैनी, यंदा वही कुठली घ्यायची हो?" दरवर्षी दहाजणींना दहा वेळा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवते.

चातुर्मासात बस्तीत महाराजांचं नाहीतर माताजींचं प्रवचन असतं. सतरंजीवर बसून, मांडीवर वही घेऊन लिहिणाऱ्या आम्ही दहा-बाराजणी. त्यातल्या चौघी-पाचजणी अजून शाईच्या पेनानं लिहितो. यात मिरवण्यासारखं काही नाही. बॉलपेन दाबावं लागतं, शाईचं पेन कागदावर नुसतं टेकलं तरी लिहितं. पहाटेपासून कणीक मळून, लाटून, धुऊन-पिळून आलेल्या बोटांना तासभर लिहायचं असलं की हा फरक कळतो.

पण बॉलपेन कुठल्याही कागदावर चालतं, शाईच्या पेनाचं तसं नाही. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट, ती कागदावर वरच बसते. दौतीतली शाई म्हणजे शेवटी रंगीत पाणी. पाणी वाट मिळेल तिकडे पळणारच. कागद कच्चा असला की शाई फुटते. अक्षराला बारीक बारीक मिशा येतात, अनुस्वार हरभऱ्याएवढा होतो आणि मागच्या पानावर सगळं उलटं उमटतं. आपल्या बाळबोध लिपीला तर हे फारच महागात पडतं. भ आणि म, ध आणि घ, यांच्यात फरक तो केवढा? डोक्यावरच्या रेघेतल्या एका फटीचा. शाई पसरून ती फट बुजली की 'भव'चा 'मव' आणि 'धर्म'चा 'घर्म'. ध चा मा करायला आनंदीबाईंचं नाव घेतात. ध चा घ करायला कच्चा कागद पुरतो.

गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात चांगली वही मागा, दुकानदार म्हणणार, "वैनी, एकदम जाड पान देतो बगा." जाड म्हणजे चांगलं, ही समजूत काही जात नाही. वहीवर जीएसएमचा आकडा असतो, तो एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन सांगतो, एवढंच. शाळेच्या वह्या साधारण 54 ते 60 ग्रॅमच्या आणि झेरॉक्सचा कागद 70 ते 80 चा. आता हे बघा, जपानचा तोमोए रिव्हर नावाचा कागद फक्त 52 ग्रॅमचा असतो. लोक त्याला कांद्याच्या सालीची उपमा देतात, आपण भाकरीच्या पापुद्र्याची देऊ. त्यावर कितीही ओल्या पेनानं लिहा, पलीकडे अक्षराची सावली दिसते, पण शाई पार होत नाही. उलट माझ्या भाचीनं वाढदिवसाला दिलेली हातकागदाची वही. जाडजूड, पाकळ्या घातलेली, दिसायला इतकी देखणी की हात लावू नये. त्यावर पेन टेकलं आणि शाई टिपकागदावर पसरावी तशी पसरली. आता ती वही पेन्सिलीनं रांगोळ्या काढायला ठेवलीय, त्या कामाला फार छान आहे.

फरक आहे तो खळीचा. ज्या बाईनं सुती साड्यांना खळ दिलीय तिला हे पटकन कळेल. कडक खळीच्या साडीवर थेंब पडला तर घटकाभर वर बसून राहतो, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या साडीत तो लगेच पसरतो. कागदालाही तशी खळ असते. जुने कागदी तांदळाची नाहीतर गव्हाची खळ द्यायचे आणि मग गुळगुळीत दगडानं कागद घोटायचे. पोथ्यांचा कागद असा घोटलेला असे. पुढे गिरण्यांत राळ आणि तुरटी आली, आता आणखी वेगळी रसायनं आलीत. राळ-तुरटीचा कागद शाई धरतो, पण तुरटीच्या आंबटपणानं तो काही वर्षांनी पिवळा पडतो, कडकडतो.

तेव्हा पारखायचं कसं? पेन घेऊनच दुकानात जायचं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात भ, ध आणि श्री लिहायची. मग णमोकाराचं पहिलं पद मनात म्हणून होईपर्यंत निब एका जागी टेकवून ठेवायची. पान उलटून बघायचं. फट उघडी राहिली आणि मागं ठिपका उतरला नाही तर वही घ्यायची. फार चकचकीत कागदही नको. त्यावर शाई वाळतच नाही, तळहाताला लागते. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे. पोरासाठी डझनभर वह्या आपणच घेतो ना त्याच्याकडून?

आणि ही परीक्षा मे महिन्यात करू नका. आमच्या बेळगावचा पाऊस काय सांगायचा! जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड वातड होतात, तसा कागदही हवेतली ओल पितो. उन्हाळ्यात शहाण्यासारखी वागणारी वही श्रावणात शाई फोडते. प्रवचनं नेमकी तेव्हाच. म्हणून वही मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर पारखायची. निब बारीक वापरायची. घरी वही सुती वेष्टनात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवायची. जिनवाणीला आपण वेष्टन घालतो ते काय नुसतं शोभेला?

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, ती विचारून घ्यायची. चामड्याचं कव्हर आपण घेत नाही, ते डोळ्यांना दिसतं तरी. पण बांधणीला पूर्वी सरस वापरत, आणि सरस होतो जनावरांच्या कातड्या-हाडांचा. परदेशी चित्रकलेच्या कित्येक कागदांना खळसुद्धा जिलेटिनची असते. माझा बाइंडर म्हणतो, "सरस कुठला आता अक्का, सगळं फेव्हिकॉल." त्याच्या वडिलांच्या वेळी मैद्याची खळ असे, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. आता किडीसाठी मोरचूद घालणं अहिंसेत बसतं का, यावर आमच्या मंडळात एक अख्खी दुपार गेली होती. निकाल लागला नाही.

मंडळातल्या एक काकू मला नेहमी टोचतात, "ज्ञान डोक्यात राहावं गं. वहीचे एवढे लाड कशाला? हासुद्धा परिग्रहच की." मी वर्षाला एकच वही वापरते आणि ती पाठपोट भरते. पण त्यांना खरं उत्तर माझ्या आईच्या वह्या देतील.

वडिलांचं किराणा दुकान होतं. वर्ष संपलं की खतावणीची उरलेली कोरी पानं आईकडे यायची. बायकांचं लिखाण असंच उरलेल्या पानांवर होतं ना? बँकेची गेल्या वर्षीची डायरी, मुलांच्या वह्यांची मागची पानं, कॅलेंडरची पाठ. कोरी करकरीत वही सहसा बाईच्या नावाची नसते. पण खतावणीचा कागद पक्का असे, कारण हिशेब टिकायला हवा असतो. त्या कागदावर आईनं निळ्या-काळ्या शाईनं लिहिलेली व्रतं, उद्यापनाच्या याद्या, आंब्याच्या लोणच्याचं प्रमाण, सगळं आज पन्नास वर्षांनी लख्ख वाचता येतं.

दुकान बंद झालं आणि खतावण्या थांबल्या. मग आई मिळेल त्या स्वस्त वहीत लिहू लागली. पाठपोटच, कारण पान वाया घालवणं तिला जमायचं नाही. शेवटच्या सात-आठ वर्षांत ती नुसतं प्रवचन उतरवून घेत नव्हती, समासात स्वतःचे प्रश्न लिहीत होती. एका पानावर 'असं असेल तर मग' एवढं लागतं, आणि पुढं पलीकडची शाई अलीकडे आलीय. भिंग लावून बघितलं, आरशात धरून बघितलं. माझ्या मुलानं फोनवर फोटो काढून रंग कमी-जास्त करून बघितले. दोन पानांची अक्षरं एकमेकांत इतकी मिसळलीत की कुठलं कुठल्या ओळीतलं, ते सुटत नाही. लोणच्यात मोहरी किती घालायची ते मला माहीत आहे, आणि आईला कसली शंका होती, ते नाही.

नकला करणाऱ्या बायकांचा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई आठवतात. धवल ग्रंथांच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीच्या बस्तीत शतकानुशतकं जपलेल्या होत्या, दर्शन व्हायचं पण वाचायला मिळायच्या नाहीत. सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांच्या पुढाकारानं नकलेचं काम सुरू झालं. ते करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी एक कानडी नक्कल गुपचूप स्वतःसाठीही करून ठेवली, आणि त्यात मोठा हात त्यांच्या विदुषी पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा होता. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत ही त्यांची तळमळ. त्या गुपचूप नकलेवरून पुढे आणखी नकला झाल्या, आणि 1939 साली हिरालाल जैनांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला भाग छापून आला. कंदिलाच्या उजेडात त्या बाईंनी कसला कागद वापरला असेल, असं माझ्या मनात येतं. शाई फुटणारा नसणार, एवढं नक्की.

तर सध्या मी काय करते ते सांगते. 80 ग्रॅमच्या झेरॉक्स कागदाचा एक सुटा कागद आधी मागून आणायचा, त्यावर लिहून बघायचं. उतरला परीक्षेला, तर रीम घ्यायचं. रिमात 500 कागद. 48 कागद मधोमध दुमडून जुजबंदी शिवले की 192 पृष्ठांची वही होते, आणि शिवलेली वही मांडीवर सपाट उघडी राहते. एका रिमात दहा वह्या होऊन 20 कागद उरतात, ते टाचण लिहायला. श्रुतपंचमीला जिनवाणीची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी गठ्ठा बाइंडरकडे जातो.

यंदा नऊजणींची नावं आली होती. दहावं काकूंचं आलं. त्यांना रेघांची वही हवी, बिनरेघी कागदावर त्यांची ओळ वर चढते. बाइंडरकडे रेघा मारायची सोय नाही. मी काळ्या स्केचपेननं ठळक रेघा आखून एक कागद करून दिलाय, पानाखाली घालायला. 80 ग्रॅमच्या पानातून त्या रेघा दिसतात.