खुर्ची

गणेश वासुदेव मावळंकरांचें चरित्र वाचतांना मला आमच्या शाळेंतली एक खुर्ची आठवली. आठवण सुखाची नाहीं.

दादासाहेबांचें घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतलें, जन्म १८८८ सालीं बडोद्याचा, वकिली १९१३ पासून अहमदाबादेस. १९३७ त ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले, १९४६ त दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे, आणि १९५२ त पहिल्या लोकसभेचे. पक्षकाराची बाजू लढविणें हा ज्यांचा पूर्वीचा व्यवसाय, त्यांना पुढें कोणाचीच बाजू न घेण्याच्या आसनावर बसावें लागलें! वटहुकूम वारंवार निघूं लागले तेव्हां खुद्द पंडित नेहरूंना पत्र लिहून हटकण्यास ते कचरले नाहींत.

पण माझ्या मनांत रुतून बसला आहे तो १८ डिसेंबर १९५४ हा दिवस. ते निःपक्षपाती नाहींत, म्हणून त्यांना दूर करावें, असा ठराव लोकसभेपुढें आला. घटनेच्या ९६ व्या कलमान्वयें अशा वेळीं अध्यक्षास ती सभा चालवितां येत नाहीं. दादासाहेबांचें आसन उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगारांनीं घेतलें. ठराव नामंजूर झाला.

आमच्या शाळेला असलें कलम नव्हतें. मुख्याध्यापक रजेवर असतां त्यांच्या खुर्चीवर मी होतों. एका विद्यार्थ्यानें भीतभीत तक्रार आणली, कीं मास्तरांनीं रागाच्या भरांत आपले संस्कृतचे गुण कापले. ते मास्तर मीच. तक्रार मींच ऐकली, निकाल मींच दिला, आणि वर उद्धटपणाबद्दल चार छड्याहि मींच मारल्या. त्याची उत्तरपत्रिका हाताशींच, टेबलाच्या खणांत होती. मीं खण उघडला नाहीं.