सापडत नाही

पत्ता विचारला असता "मला ठाऊक नाही" असे सरळ सांगणारा माणूस मला फार आवडतो. पण तसा माणूस विरळा. बहुतेकजण हनुवटी खाजवतात, आकाशाकडे पाहतात आणि मग मोठ्या आत्मविश्वासाने उजवीकडे हात करतात. अर्ध्या तासाने आपण कुणाच्या तरी द्राक्षांच्या मळ्यात उभे असतो!

माणसाचा हा स्वभाव यंत्रातही उतरला आहे, हे मला एकलहऱ्याला मुलांचे निकाल करताना उमगले. खिडकीबाहेर वीजकेंद्राची धुराडी आणि आत संगणकावर एक्सेलचा तक्ता. या तक्त्याचे कूळ थेट फळ्याशी जाऊन भिडते. हार्वर्डच्या वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकडे मांडत. एक चुकला की पुढचे सारे पुसावे लागत. ते पाहून डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनच्या साह्याने त्याने १९७९ साली व्हिजिकॅल्क आणले. एक्सेल हे त्याच कुळातले धाकटे भावंड, १९८५ सालचे.

एक्सेलमध्ये व्हीलुकअप नावाचे सूत्र आहे. दिलेला क्रमांक दुसऱ्या यादीच्या पहिल्या रकान्यात शोधायचा आणि त्या ओळीतले हवे ते उचलून आणायचे, एवढेच त्याचे काम. शिपाईमामांना जनरल रजिस्टरचा नंबर सांगावा आणि त्यांनी कपाटातून दाखला काढून द्यावा, तसे. मात्र "नेमका हाच क्रमांक हवा" असे त्याला शेवटी बजावावे लागते. न बजावले तर ते त्याच्या खालचा जवळचा आकडा धरते. श्रेणी लावताना ही सवय सोयीची असते. ६७ गुण तक्त्यात नसले तरी ते ६० वर येऊन टेकते आणि प्रथम श्रेणी देते. पण मुलांच्या यादीत जवळचा क्रमांक म्हणजे शेजारचे मूल!

आमच्याकडे कोणा हौशी माणसाने पूर्वी लिहून ठेवलेला एक मॅक्रो होता. कळ दाबली की साऱ्या वर्गाची निकालपत्रके तयार. एकदा नववीतली एक मुलगी आपले निकालपत्रक घेऊन आली आणि म्हणाली, "सर, गणितात मला ८३ गुण लागलेत. पण मी त्या पेपरला नव्हतेच. तापाने घरी होते."

८३ गुण तिच्या आधीच्या मुलाचे होते.

आज्ञावली उघडली तेव्हा मेख सापडली. वर्कशीटफंक्शनमार्फत व्हीलुकअपला बोलावले आणि क्रमांक मिळाला नाही, तर १००४ क्रमांकाची चूक दाखवून काम थांबते. ती कटकट नको म्हणून लिहिणाऱ्याने वर एक ओळ घातली होती : ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे चूक झाली तरी पुढे चालू लाग! गैरहजर मुलीचा क्रमांक गुणांच्या यादीत नव्हता. नवे काही हाती आलेच नाही. आधीचे ८३ तसेच राहिले आणि यंत्राने ते निमूटपणे हिच्या नावापुढे टाकले.

ती ओळ मी काढली. नुसत्या ॲप्लिकेशनमार्फत शोध घेतला म्हणजे यंत्र थांबत नाही. चूक हीच उत्तर म्हणून हाती देते. ते ठेवायला व्हेरिएंट जातीचे भांडे घ्यायचे, इझएररने तपासायचे आणि चूक असेल तर गुणांच्या जागी 'सापडत नाही' असे लिहायचे.

मॅक्रो पुन्हा चालवला, तर 'सापडत नाही' एकाच ठिकाणी नव्हे, आणखी कितीतरी ठिकाणी उमटले. काही क्रमांक एका यादीत संख्या म्हणून होते, तर दुसरीत अक्षरे म्हणून; काहींच्या शेपटीला एक मोकळी जागा चिकटलेली. डोळ्यांना सारखे, यंत्राला निराळे. या सगळ्या मुलांना इतके दिवस शेजाऱ्याचे गुण मिळाले होते. त्यातल्या एका मुलाला ३१ मिळून तो नापास ठरला होता. त्याचे खरे गुण ५८ होते. तो तक्रार घेऊन कधी आला नाही. आपलाच पेपर वाईट गेला असणार, असे त्याने मानून घेतले होते.

क्रमांक एकेक करून दुरुस्त केले. मुलीच्या रकान्यात 'गैरहजर' लिहिले. तिची फेरपरीक्षा झाली. त्या मुलाला बोलावून नवे निकालपत्रक हाती दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि हळूच विचारले,

"सर, हे नक्की माझेच ना?"