मुनशींचा वाडा

आपल्या तेल्हारा तालुक्यातले अडगाव तुम्हांला माहीत आहेच. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेथील शिवारात इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची मोठी लढाई झाली. भोसले हरले. पुढे 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड त्यांच्या हातून गेले. त्याआधी या मुलखाचा महसूल निजाम आणि भोसले असे दोघे घेत. या कारभाराला 'दुअमली' म्हणत. 'दो' आणि 'अमल' हे शब्द मी तुम्हांला काय समजावून सांगू?

वऱ्हाड गेले, पण नागपूरचे राज्य उरले होते. त्या राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांनी 1812 मध्ये, म्हणजे त्या लढाईनंतर नऊच वर्षांनी, काशीला गंगेच्या काठी घाट बांधला आणि त्यावर महालासारखा वाडा उभा केला. काशी म्हणजेच तुमचे बनारस. आज त्या वाड्यात 'ब्रिजरामा पॅलेस' नावाचे हॉटेल आहे.

हा वाडा मी पाहिला, तो नावेतून. अम्मीला बनारस पाहायचे होते. तिचे माहेर मालेगावचे. 1857 नंतर उत्तरेतले अनेक विणकर मालेगावला येऊन वसले, त्यांत तिचे पूर्वजही होते. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी निघालो.

घाटावरून वाडा नीट दिसत नाही, मान मोडते. नावेतून मात्र तो पूर्ण दिसतो. फिकट पिवळसर दगड, उंच जोते, वर खांबांची रांग आणि सज्जे. हा दगड चुनारचा. पावसाळ्यात गंगा घाटाच्या पायऱ्या गिळून वर चढते, म्हणून जोते एवढे उंच. तुम्हांला गालिब पाठ आहेत. कलकत्त्याला जाताना ते बनारसला राहिले आणि या शहरावर त्यांनी 'चिराग-ए-दैर' ही फारसी मसनवी लिहिली. तेव्हा हा वाडा उभा होता. त्यांनी तो पाहिला असेल, असे मला उगीच वाटत राहते.

नावाडी चाचा म्हणाले, "हा दरभंगा महाल."

त्यांचे चुकले नव्हते. 1915 मध्ये बिहारमधील दरभंग्याच्या महाराजांनी हा वाडा विकत घेतला आणि तेव्हापासून तेच नाव रुळले. मुनशींचे नाव शेजारच्या घाटाला तेवढे उरले.

अम्मीने विचारले, "मग हे मुनशी कोण?"

चाचा म्हणाले, "असेल कोणी कारकून!"

मी त्यांना सांगितले, की मुनशी नागपूरचे, आमच्या बाजूचे. त्यांच्या पलीकडचा घाट अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा, त्याही आमच्याकडच्या. चाचांनी वल्हे थांबवले आणि हसून म्हणाले, "म्हणजे वाडा तुमचा, आणि राहायचे तर भाडेही तुम्हीच द्यायचे!"

अम्मी हसली, पण तिचा चेहरा थोडा उतरला. तिला वर सज्जात बसून गंगा पाहायची होती. मला ते जमण्यासारखे नव्हते. तिथले एका रात्रीचे भाडे शिक्षिकेच्या पगारात बसत नाही.

अशा वास्तूचे हॉटेल करावे का, यावर माणसे वाद घालतात. माझे मत सांगते. रिकामी वास्तू पडते. आधी छत गळते, मग लाकूड कुजते, मग भिंतीत पिंपळ उगवतो. आपल्या गावांतल्या जुन्या वाड्यांचे आणि गढ्यांचे काय झाले, ते तुम्ही पाहतच आहात. इथे निदान दिवे लागतात, खांब पुसले जातात. तरीही वाटते, की ज्यांना राहणे परवडत नाही त्यांच्यासाठीही त्या सज्जात एखादी जागा असावी, आणि दारावर मुनशींचे नाव मोठ्या अक्षरांत असावे. दगड घडवणाऱ्या पाथरवटांचे नाव तर त्या घाटालाही मिळाले नाही.

नाव काठाला लागली. अम्मीचे गुडघे दुखत होते. ती खालच्याच पायरीवर बसली आणि उन्हाने तापलेल्या दगडावर तळवा ठेवून बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, "चल, आता मदनपुऱ्यात जाऊ. तिथे अजून हातमाग चालतात म्हणे."

आम्ही विचारत विचारत निघालो. गल्ली अरुंद होती. एका बंद दारामागून मागाची खटखट ऐकू आली, तशी ती थांबली आणि मला हाताने गप्प राहायला सांगितले.